‘अंक’ ते ‘ज्ञेयवाद’ आणि पुढे : मराठी विश्वकोश निर्मिती मंडळाची वाटचाल

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला राज्य शासनाने साहित्य आणि संस्कृती मंडळाची स्थापना केली. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी मंडळाचे अध्यक्षपद तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्याकडे सोपवले. मराठी ही राज्यकारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा व्हायची, तर जगातले सगळे ज्ञान तिच्यात मांडता आले पाहिजे, अशी त्यामागची भूमिका होती. मंडळाच्या अनेक योजनांपैकी सर्वांत मोठी, सर्वांत खर्चाची आणि सर्वांत लांबलेली योजना म्हणजे मराठी विश्वकोश. पुढे तिच्या व्यापामुळेच १ डिसेंबर १९८० रोजी महाराष्ट्र राज्य मराठी विश्वकोश निर्मिती मंडळ हे स्वतंत्र मंडळ स्थापन झाले.

या मंडळाचा इतिहास सांगताना बहुधा खंड मोजले जातात. खंडांची मोजदाद आवश्यकच आहे, आणि ती पुढे येईलच. पण कोशाच्या संस्थेला रोज सोडवावे लागणारे प्रश्न दोन असतात. अमुक विषय कुठे ठेवायचा, आणि त्याला काय म्हणायचे. मंडळाने या दोन प्रश्नांची उत्तरे कशी दिली, त्या उत्तरांची कोणती किंमत मोजली आणि ती उत्तरे पुढे कशी बदलली, हाच या संस्थेचा खरा इतिहास आहे.

आधीची परंपरा

ज्ञान एकत्र करून लावून ठेवण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे, आणि ती लावणी बहुतेक विषयवार होती. अमरकोशाची रचना वर्गांची. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लासा’त राज्यकारभारापासून पाककलेपर्यंतची माहिती शंभर अध्यायांत विषयांनुसार गुंफली. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने झालेल्या राज्यव्यवहारकोशातही राजवर्ग, दुर्गवर्ग, पण्यवर्ग असे दहा वर्ग आहेत. पाठ करून लक्षात ठेवायच्या ग्रंथाला हीच रचना सोयीची होती. छापील ग्रंथ हाताशी आले, हवे तेव्हा पान उघडून बघण्याची सवय रुजली आणि मग वर्णक्रमाला महत्त्व आले. रघुनाथ भास्कर गोडबोले यांचा ‘भारतवर्षीय प्राचीन ऐतिहासिक कोश’ १८७६ साली निघाला, तो या नव्या वळणाचा.

मराठीतला पहिला सर्वविषयसंग्राहक कोश डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून आलेल्या केतकरांनी सरकारी आश्रयाची वाट पाहिली नाही. भागभांडवल जमवून कंपनी काढली, नागपुरात सुरुवात केली, पुढे पुण्याला बिऱ्हाड हलवले आणि गावोगाव वर्गणीदार मिळवत महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड पुरे केले. त्यांनीही वर्णक्रमाच्या आधी पाच प्रस्तावनाखंड घातले. ‘हिंदुस्थान आणि जग’, ‘वेदविद्या’, ‘बुद्धपूर्व जग’, ‘बुद्धोत्तर जग’ आणि ‘विज्ञानेतिहास’. सुट्या नोंदी वाचून वाचकाला जगाचे चित्र दिसणार नाही, ते आधी सलग सांगितले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. या सगळ्या खटाटोपाची हकिकत त्यांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ या पुस्तकात स्वतःच लिहून ठेवली आहे.

ज्ञानकोशाच्या कचेरीत तयार झालेली माणसे पुढे कोशकार्यातच राहिली. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी महाराष्ट्र शब्दकोश आणि सुलभ विश्वकोश सिद्ध केले. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचे चरित्रकोश, पुढे पंडित महादेवशास्त्री जोशी यांचा दहा खंडांचा भारतीय संस्कृतिकोश ही कामे त्याच परंपरेतली. विश्वकोशाला जमीन तयार मिळाली ती अशी. मात्र १९६० पर्यंत केतकरांच्या कोशातले विज्ञान चाळीस वर्षांनी मागे पडले होते. अणुविज्ञान, प्रतिजैविके, इलेक्ट्रॉनिकी, स्वतंत्र झालेले आशिया-आफ्रिकेतले देश या सगळ्यासाठी नव्याने मांडणी करणे भाग होते.

वाईच का?

राज्याच्या विश्वकोशाचे कार्यालय मुंबई-पुण्यात न ठेवता सातारा जिल्ह्यातल्या वाईसारख्या तालुक्याच्या गावी का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही विचारला जातो. त्याचे उत्तर प्राज्ञपाठशाळेत आहे. नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच संन्यासाश्रमातले केवलानंद सरस्वती, यांच्या या पाठशाळेत लक्ष्मणशास्त्री लहान वयात शिकायला आले. विनोबा भावे यांनीही १९१७ च्या सुमारास इथेच वेदान्ताचे अध्ययन केले. पाठशाळेने धर्मकोश हाती घेतला. संस्कृत धर्मशास्त्रातली अफाट वचने विषयवार आणि कालानुक्रमे लावण्याचे ते काम लक्ष्मणशास्त्र्यांच्या संपादनाखाली चालू झाले. केवलानंदांनी स्वतः सात खंडांचा मीमांसाकोश केला. म्हणजे कोशाचे काम कसे करतात, चिठ्ठ्या कशा लावतात, पाठ कसा ताडून पाहतात, मुद्रिते कशी तपासतात हे जाणणारी माणसे आणि त्यांना लागणारे ग्रंथालय वाईत आधीच होते. ‘नवभारत’सारखे वैचारिक मासिकही तिथूनच चालत होते. वाईच्या गंगापुरी भागातल्या विश्वकोश कार्यालयात नोकरीला येणाऱ्या तरुण संपादकाला गावात करमणूक फारशी नव्हती, पण वाद घालायला माणसे भरपूर होती.

तर्कतीर्थांची निवडही अशीच अर्थपूर्ण होती. १९२३ साली कलकत्त्याची तर्कतीर्थ पदवी घेतलेला पंडित, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेला कार्यकर्ता, मानवेंद्रनाथ रॉय यांचा सहकारी, ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ या ग्रंथासाठी १९५५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेला लेखक. परंपरा आतून ठाऊक असलेला आणि आधुनिक विज्ञानाबद्दल मनात किंतु नसलेला असा माणूस प्रमुख संपादकपदी असल्यामुळे विश्वकोशाची बैठक सुरुवातीपासून इहवादी आणि चिकित्सक राहिली.

टाचणे आणि याद्या

कामाला आरंभ झाला तो लेख मागवून नव्हे, याद्या करून. मानव्यविद्या आणि विज्ञान-तंत्रज्ञान असे दोन कक्ष ठरले. प्रत्येक विषयाचे टाचण तयार करायचे, म्हणजे त्या विषयात कोणत्या नोंदी हव्यात, कोणती मोठी, कोणती मध्यम, कोणती लहान आणि कुठे नुसते टिपण पुरे, याचा आराखडा मांडायचा. विषयतज्ज्ञांकडून ही टाचणे तपासून घ्यायची. त्यानंतर सगळ्या विषयांची शीर्षके एकत्र करून त्यांची अकारविल्हे यादी लावायची. शास्त्राच्या दृष्टीने सलग असलेली टाचणे अशा रीतीने फुटून वर्णक्रमात विखुरली जात.

इथेच ‘कुठे ठेवायचे’ हा प्रश्न रोज उभा राहायचा. एकच झाड वनस्पतिशास्त्राच्या टाचणात असायचे, कृषीच्या असायचे आणि आयुर्वेदाच्याही. तीन नोंदी करायच्या की एक? एक करायची तर कोणाच्या ताब्यात? संताची नोंद त्याच्या नावाखाली, नेत्याची आडनावाखाली, मग टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या कवीची कशाखाली? अशा प्रत्येक ठिकाणी नियम करायचा, तो सगळ्या कक्षांनी पाळायचा, आणि वाचक दुसऱ्या नावाने शोधत आला तर त्याला ‘पहा’ म्हणून योग्य जागी पाठवायचे. मजकुरात दुसरी स्वतंत्र नोंद असलेला शब्द आला की त्याच्याआधी बाणाची खूण करायची. विखुरलेले विषय या बाणांनी पुन्हा एकमेकांना जोडले गेले. वाचक सहसा या खुणांकडे लक्ष देत नाही. पण एक बाण करायचा म्हणजे ज्या नोंदीकडे तो वळवायचा ती पुढच्या दहा-वीस वर्षांत याच शीर्षकाने येणार याची हमी द्यायची. संपादकीय विभागाची निम्मी शिस्त या हमीतून आली.

नोंद छापखान्यात जाईपर्यंत तिला अनेक हातांतून जावे लागे. बाहेरचा तज्ज्ञ ती लिहून देई, दुसरा तपासी, कक्षातला संपादक तिचे संस्करण करी. तज्ज्ञाचा मजकूर ठरलेल्या शब्दमर्यादेत बसवायचा, भाषा एकसारखी करायची, सनावळ्या आणि आकडे ताडून पाहायचे, चित्रे आणि नकाशे जुळवायचे. नोंदीखाली लेखकाचे आडनाव आणि आद्याक्षरे छापली जात. तिच्यावर वेळ घालवणाऱ्या संपादकाचे आणि समीक्षकाचे नाव तिथे नसे. रा. ग. जाधव यांच्यासारख्या नामवंत समीक्षकाने आपल्या ऐन उमेदीतली वर्षे विश्वकोशाच्या मानव्य कक्षात अशा कामाला दिली. नाव नसलेल्या या श्रमांची परंपरा हे मंडळाचे मोठे धन आहे, आणि ते स्पष्ट शब्दांत नोंदवले पाहिजे.

आधी परिभाषा

विश्वकोशाचा पहिला छापील ग्रंथ कोणता, असे विचारले तर बहुतेक जण ‘अ’चा खंड सांगतील. प्रत्यक्षात आधी निघाला तो परिभाषासंग्रह, १९७३ साली. कारण उघड आहे. शंभर तज्ज्ञ शंभर गावांहून मराठीत लिहिणार, तर एकाच संकल्पनेला प्रत्येकाने वेगळा शब्द वापरला की कोश कोसळला. शासनाचे भाषा संचालनालय ६ जुलै १९६० पासून प्रशासनाची आणि शास्त्रांची परिभाषा घडवत होतेच. विश्वकोशाला मात्र सगळ्या विद्याशाखांसाठी एकाच वेळी, आणि सलग वाक्यांत चालतील असे शब्द हवे होते.

त्यातून ‘प्रारण’, ‘कंप्रता’, ‘ऊष्मागतिकी’, ‘पुंज सिद्धांत’ असे शब्द पानोपानी दिसू लागले. त्याच वेळी ऑक्सिजन, हायड्रोजन यांसारखी मूलद्रव्यांची रुळलेली नावे तशीच ठेवली गेली, कारण संज्ञा आणि सूत्रे जगाशी जुळायला हवीत. विश्वकोशाची मराठी जड आहे, संस्कृताळलेली आहे, अशी टीका सुरुवातीपासून झाली. तिच्यात तथ्य आहे. शाळेत ‘पेशी’ शिकलेल्या मुलाला इथे ‘कोशिका’ भेटते आणि तो गोंधळतो. पण टीका करताना दुसरी बाजूही लक्षात घ्यावी लागते. परिभाषेतून साधित शब्द काढता यावे लागतात आणि ते चाळीस वर्षे, वीस खंड एकाच अर्थाने वापरावे लागतात. विश्वकोशाने ही सुसंगती बऱ्याच अंशी राखली. त्यातले काही शब्द रुळले, काही कोशातच राहिले. कोणता शब्द जगेल हे कोणत्याही मंडळाला ठरवता येत नाही.

खंडांची वर्षे

‘अंक’ या नोंदीने सुरू होणारा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. टाचणे आणि परिभाषा यांवर घातलेल्या वर्षांचे फळ आता दिसू लागले. सुरुवातीचे खंड एकापाठोपाठ आले. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत आणि जिल्हा ग्रंथालयांत विश्वकोशाचे जाड खंड दिसू लागले. स्पर्धापरीक्षा देणारी मुले, पाठ्यपुस्तके लिहिणारे शिक्षक, अग्रलेखासाठी घाईने माहिती हवी असलेले पत्रकार हे त्याचे नित्याचे वाचक.

१९८० साली साहित्य संस्कृती मंडळाचे विभाजन झाले. मूळ मंडळाचे अध्यक्षपद डॉ. सुरेंद्र बारलिंगे यांच्याकडे गेले आणि तर्कतीर्थांनी विश्वकोश निर्मिती मंडळाची जबाबदारी ठेवली. ऐंशीच्या दशकात खंडांमधले अंतर वाढू लागले. लेखक म्हातारे होत होते, काही दिवंगत होत होते. कार्यालयातून निवृत्त झालेल्यांच्या जागा भरायला वेळ लागत होता. मागवलेली नोंद दहा वर्षे फायलीत राहिली तर ती छापण्याआधी पुन्हा लिहावी लागे. २७ मे १९९४ रोजी तर्कतीर्थ गेले. विश्वकोशाचा बराच मोठा भाग तोवर वाचकांच्या हाती आला होता, शेवट मात्र अजून लांब होता.

त्यांच्यानंतर तत्त्वचिंतक प्रा. मे. पुं. रेगे अध्यक्ष झाले. प्राज्ञपाठशाळेशी आणि ‘नवभारत’शी त्यांचेही जवळचे नाते होते, त्यामुळे वाईची वैचारिक परंपरा अखंड राहिली. २००० सालच्या डिसेंबरमध्ये त्यांचे निधन झाले. मग रा. ग. जाधव, जे आधी याच कार्यालयात संपादक होते, अध्यक्ष म्हणून परतले. त्यांच्यानंतर आलेले डॉ. श्रीकांत जिचकार जून २००४ मध्ये अपघातात गेले. दहा वर्षांत चार अध्यक्ष पाहिलेल्या कार्यालयाने या काळात काम थांबू दिले नाही, ही गोष्ट साधी नाही.

डॉ. विजया वाड यांनी सूत्रे घेतल्यावर दोन निर्णय महत्त्वाचे ठरले. एक, उरलेले खंड कालबद्ध रीतीने संपवायचे. दुसरा, विश्वकोश कपाटातून बाहेर काढायचा. मुलांसाठी कुमार विश्वकोश सुरू झाला. सी-डॅकच्या सहकार्याने छापील खंड युनिकोडमध्ये आणून महाजालावर सर्वांसाठी विनामूल्य खुले करण्यात आले. २०१५ साली विसाव्या खंडाचा अखेरचा भाग प्रकाशित झाला आणि ‘ज्ञेयवाद’ या नोंदीने मुख्य कोश पूर्ण झाला. एकूण नोंदी अठरा हजारांहून अधिक.

वर्णक्रमाची किंमत

केतकरांनी साधारण तपभरात जे संपवले त्याला शासनाच्या पाठबळाने अर्धशतक का लागले, हा प्रश्न टाळण्यात अर्थ नाही. केतकरांचा बराच मजकूर कचेरीतल्या मंडळींनीच लिहिला. इथे प्रत्येक नोंद बाहेरच्या तज्ज्ञाकडून यायची होती आणि दुसऱ्याने तपासायची होती. विषयही अनेकपट वाढले होते. शिवाय शासकीय कार्यालयाची गती होती, रिकामी पदे होती. हे सगळे खरे आहे.

त्याहून मोठे कारण मात्र रचनेतच आहे. वर्णक्रमाने निघणारा कोश ज्या अक्षरापर्यंत पोचला असेल तिथपर्यंतचेच जग दाखवतो. ‘अवकाशविज्ञान’ पहिल्या खंडात गेले. भारताने स्वतःच्या रॉकेटने उपग्रह कक्षेत नेला तो १९८० साली, तोवर तो खंड छापून झाला होता. ‘चेकोस्लोव्हाकिया’ची नोंद सुरुवातीच्या खंडांत आली आणि १९९२ च्या अखेरीस तो देशच नकाशावरून गेला. उलट ‘संगणक’ ‘स’मध्ये पडल्यामुळे त्याला तीसेक वर्षे उशीर झाला, पण तेवढ्यात त्या विषयाची क्रांती नोंदीत मावली. क्ष आणि ज्ञ हे स्वतंत्र वर्ण मानून अखेरीस ठेवल्यामुळे त्यांच्या विषयांना शेवटच्या खंडापर्यंत थांबावे लागले. कोणता विषय जुना राहील आणि कोणता ताजा, हे त्याच्या महत्त्वावर न ठरता त्याच्या आद्याक्षरावर ठरले. हे लांबलेल्या सगळ्याच कोशांचे दुखणे आहे. ब्रिटानिकाने १९७४ च्या पंधराव्या आवृत्तीत वर्णक्रमी खंडांना जोडून ज्ञानाचा विषयवार आराखडा देणारा एक वेगळा खंड काढला, तोही याच अडचणीची जाणीव ठेवून.

ज्ञानमंडळे

२०१५ नंतर दिलीप करंबेळकर अध्यक्ष असताना मंडळाने रचनाच बदलली. विश्वकोशाची नवी आवृत्ती ‘अ’पासून पुन्हा छापायची नाही. प्रत्येक विषयाचे एक ज्ञानमंडळ करायचे, विद्यापीठे आणि संशोधनसंस्थांशी ते जोडायचे, आणि नोंदी लिहून तपासून झाल्या की थेट महाजालावर प्रकाशित करायच्या. भौतिकशास्त्राच्या मंडळाने इतिहासाच्या मंडळासाठी थांबायचे कारण उरले नाही. नोंद जुनी झाली तर खंडाची वाट न पाहता ती बदलता येते. प्रत्येक नोंदीखाली आता लेखकाबरोबर समीक्षकाचेही नाव असते. छापील खंडांत पडद्याआड राहिलेला हात त्यामुळे वाचकाला दिसतो आणि जबाबदारीही निश्चित होते. पुढे डॉ. राजा दीक्षित यांच्या अध्यक्षतेखालीही हेच धोरण चालू राहिले.

थोडक्यात, साठच्या दशकात विषयवार टाचणांनी सुरू झालेले काम वर्णक्रमाचा मोठा वळसा घालून पुन्हा विषयांकडे आले. फरक इतकाच की तेव्हाची टाचणे कार्यालयाच्या कपाटात होती. आता विषयांची ही जुळणी वाचकासमोर उघडी आहे, आणि शोधणाऱ्याला वर्णक्रम माहीत असण्याचीही गरज नाही.

पुढची कामे

या सोयीने नवे प्रश्न आणले आहेत. छापील खंडांची परिभाषा आणि ज्ञानमंडळांची परिभाषा यांचा मेळ कोण ठेवणार? साठ विषयांचे तज्ज्ञ स्वतंत्रपणे लिहू लागले की एकाच संकल्पनेला दोन नावे पडणार. १९७३ च्या परिभाषासंग्रहासारखा, पण सतत दुरुस्त होणारा संग्रह आज जास्तच निकडीचा आहे. जुन्या खंडांतल्या नोंदी महाजालावर आहेत. त्या कोणत्या वर्षी लिहिल्या गेल्या हे प्रत्येक नोंदीवर ठळक दिसले, तर वाचक चेकोस्लोव्हाकियाची माहिती इतिहास म्हणून वाचेल, वर्तमान म्हणून नाही. बाणांची जुनी जाळी नव्या नोंदींशी जोडून घ्यायचीही राहिली आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे संपादक घडवायचे आहेत. तज्ज्ञ विद्यापीठांत मिळतात. तज्ज्ञाचा लेख घेऊन त्याची नोंद करणारा, आकडा ताडणारा, शब्द नियमात बसवणारा माणूस कोणत्याही विद्यापीठात तयार होत नाही. तो कोशाच्या कार्यालयातच जुन्या माणसांच्या शेजारी बसून शिकतो. दाते-कर्वे केतकरांकडे शिकले, वाईची पहिली पिढी धर्मकोशाजवळ शिकली. ही साखळी तुटू द्यायची नसेल, तर कार्यालयातल्या रिकाम्या जागा भरणे हे खंड प्रकाशित करण्याइतकेच मोलाचे काम समजले पाहिजे.